तिसऱ्या प्रतीची कलेजी

वेंडेलकाकांच्या लिव्हरवर चरबी चढली आहे ही बातमी कुनहालोम गावात पसरली, तेव्हा पहिल्या दिवशी लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं.

यात गावाचा दोष नाही. हंगेरीच्या त्या सपाट मुलखात कित्येक पिढ्या माणसं एकच विद्या शिकत आली आहेत : पाळीव हंसाला मका भरवून त्याची कलेजी मोठी कशी करायची. हंस आणावा, त्याला तीन आठवडे दिवसातून चार वेळा भरवावं, आणि छातीखाली हात घालून आतली कलेजी किती फुगली ते पाहावं. पाच वर्षांच्या पोरीलाही यातलं थोडंफार कळतं. मात्र फुगलेली कलेजी पुन्हा लहान कशी करायची, हा प्रश्न गावात कुणालाच कधी पडला नव्हता. सगळं ज्ञान एकाच दिशेनं वाहत आलेलं, आणि वेंडेल चोंतोश नावाचा एक निवृत्त भूमिअभिलेख कारकून उलट्या दिशेला तोंड करून उभा.

डॉक्टरीणबाईंनी मशीन पोटावरून फिरवून कागदावर लिहिलं होतं, ‘तिसरी श्रेणी.’ काहीतरी चूक असावी म्हणून काकांनी हा कागद डेझोला दाखवला. डेझो म्हणजे चाळीस वर्षं कलेजी खरेदी केंद्रावर प्रत ठरवणारा माणूस. आता तो चर्चसमोरच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची प्रत ठरवतो. त्यानं कागद हातभर लांब धरून वाचला आणि त्याला मनापासून वाईट वाटलं. तिसरी प्रत म्हणजे डाग पडलेली, हातात फुटणारी, जी सॉसेजवाल्याकडे जाते ती. वेंडेलसारख्या सरळ माणसाच्या वाट्याला तिसरी यावी हे त्याला पटेना. त्यानं भर रस्त्यात काकांचा सदरा वर केला, बरगडीखाली चार बोटं खुपसली, डोळे मिटले आणि सगळीकडून चाचपून पाहिलं.

“पहिली,” तो शेवटी म्हणाला. “टणक आहे, काठ गोल आहे. त्या डॉक्टर पोरीचा अजून हात बसलेला नाही.”

आणि खोटं कशाला बोला, घरी जाईपर्यंत काकांची मान ताठ होती.

घरी मात्र फळीवर ती बरणी होती.

बोर्का, म्हणजे काकांची बायको, दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गेली. कुनहालोममध्ये हंस भरवणाऱ्या बायका पुष्कळ, पण बोर्काची कलेजी बुडापेश्तच्या हॉटेलांत नावानं मागितली जायची. जाण्याआधीच्या शरद ऋतूत तिनं शेवटची कलेजी हंसाच्याच चरबीत शिजवून सतरा बरण्यांत भरली, उकळून सीलबंद केली आणि फळीवर मांडली. ती गेल्यावर काकांनी काही हात आखडला नाही. एकटा माणूस, समोर रिकामी खुर्ची, आणि बरणी उघडली की स्वयंपाकघरात बाई असल्यासारखा वास यायचा. पाव कापायचा, थर लावायचा, वर कांदा. बोर्का जेवताना नेहमी म्हणायची, “अजून थोडं.” ते म्हणणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून काका स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच ऐकायचे. अशा सोळा बरण्या गेल्या. सतरावीला हात लावायचा नाही, असं मग त्यांनी ठरवलं. चार डिसेंबरला, बोर्काच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीच्या सणाला, तिच्या हातचं शेवटचं जेवण म्हणून ती उघडायची.

आणि मार्च महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हंसाची चरबी आता आयुष्यात नाही. चमचाभरसुद्धा नाही. हे सेगेदला राहणाऱ्या लेकीला, एनिकोला, कुणी कळवलं ते देव जाणे. तिनं फोनवरच आईची शपथ घालून बापाकडून वचन घेतलं की डॉक्टरांच्या परवानगीशिवाय घास घ्यायचा नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं दार लावून बरणी उघडली असती. पण काकांनी छत्तीस वर्षांत शिक्क्याशिवाय कागद पुढे सरकवला नव्हता. शपथेत ‘परवानगीशिवाय’ असा शब्द आहे, म्हणजे परवानगी मिळू शकते, हे त्यांच्या ताबडतोब लक्षात आलं. ते पुन्हा दवाखान्यात गेले आणि त्यांनी विचारलं की लिव्हर निम्मं उतरलं तर चार डिसेंबरला एका जेवणाची परवानगी मिळेल का. डॉक्टरीणबाई हसल्या आणि हो म्हणाल्या. काकांनी ते लिहून मागितलं. त्या म्हणाल्या, आधी उतरवा.

उद्योग एवढाच होता. नऊ महिने, एक लिव्हर, एक बरणी.

सल्ल्यांना तोटा नव्हता. काटेरी झुडपाच्या बियांचा काढा झाला, आंबवलेल्या कोबीचं पाणी झालं. पाद्रीबाबांनी उपास सुचवले, पण स्वतःच्या पोटाकडे पाहून विषय बदलला. कोबीच्या पाण्यानं काकांची तीन दिवस अशी अवस्था झाली की त्या तीन दिवसांबद्दल सभ्य माणसानं लिहू नये. शेवटी कुंपणापलीकडची रोझालियाबाई आली.

रोझालियाबाई म्हणजे बोर्काची जन्माची स्पर्धक. दोघींनी चाळीस वर्षं एकमेकींच्या हंसांची मापं काढली. हिचा हंस सहा किलोचा झाला की तिला ताप भरायचा. बोर्का गेल्यावर ही बाई दफनाला मागे, झाडाखाली उभी राहिली आणि कुणाशी न बोलता निघून गेली, हे काका विसरले नव्हते. ती आता फाटकातूनच म्हणाली, “भावजी, काढे कसले पिता? मका बंद करा आणि चाला. ती पळालेली हंसी आठवते ना? भरण सुरू असताना तळ्याच्या गवतात पळाली, महिन्यानं सापडली, तर कलेजी कशी निघाली? लालभडक, मुठीएवढी.”

काका आत आले आणि रागानं बसले. हंसी पळाल्याची ती गोष्ट खरी होती, पण ती बोर्काची शेवटच्या वर्षातली नामुष्की होती. बोर्कानं ती नवऱ्यालाच तेवढी सांगितली होती, तीही कुणाला कळू देऊ नका असं बजावून. म्हणजे ही बाई कुंपणावरून डोकावून मेलेल्या माणसाची चूक मोजत होती. सल्ला बरोबर होता, हे काकांना कळत होतं, आणि त्यामुळे राग वाढत होता. त्यांनी चालायला सुरुवात केली, पण तिच्या घरावरून नाही, उलट्या बाजूनं.

दीड महिना चालून लिव्हर तसूभर हललं नाही, कारण चालून आल्यावर भूक लागायची. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सगळं समजावलं. अन्न आतड्यात उतरलं की आतडं काही हार्मोन सोडतं. ती हार्मोन रक्तातून जाऊन डोक्याला सांगतात की पुरे झालं, थांब. स्वादुपिंडाला सांगतात की साखरेकडे बघ. हा निरोप नीट पोचला तर जास्तीचा माल लिव्हरकडे जात नाही. काही माणसांत निरोप निघतो, पण फार हळू आवाजात, आणि डोकं ऐकत नाही. मग माल येत राहतो आणि लिव्हर बिचारं कोठारासारखं सगळं चरबी करून साठवत बसतं.

“म्हणजे टपाल निघतं,” काका म्हणाले, “पण टेबलावर पडून राहतं.”

“अगदी तसंच, काका. आता त्या हार्मोनसारखंच इंजेक्शन मिळतं. आठवड्यातून एकदा. तो निरोप मोठ्यानं देतं.”

काकांना हे फार चटकन समजलं आणि त्याचं कारण दवाखान्यात नव्हतं. बोर्का बुटक्या स्टुलावर बसून हंस गुडघ्यांत धरायची, चोच उघडून नरसाळ्यानं भिजवलेला मका सोडायची आणि डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवायची. हंसाला पुरे म्हणायची सोय नसते. त्याच्या वतीनं तीच म्हणायची. गळा किती भरला ते बोटांना कळलं की हळूच म्हणायची, “पुरे, बाई.” काकांनी हे लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहिलं होतं. नंतर शेडात त्यांचं जाणं झालं नाही. तिथला वास कचेरीच्या कोटाला लागायचा, आणि कचेरीतले लोक नाक मुरडायचे.

आता खरी गोष्ट सुरू होते, कारण अर्ज आला.

ते इंजेक्शन साखरेच्या रोग्याला सरळ मिळत होतं. नुसत्या लिव्हरसाठी हवं असेल तर जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करायचा होता. अर्ज म्हटल्यावर काकांच्या अंगात कचेरीतल्या दिवसांचं रक्त आलं. त्यांनी तो दोन प्रतींत, समास सोडून, अशा अक्षरात लिहिला की समितीनं चौकट करून लावावा. तीन आठवड्यांनी तो परत आला. कारण तपासणीच्या छापील कागदावर ‘मद्यपान’ या रकान्यासमोर नर्सनं लिहिलं होतं, ‘नाकारतो.’

या एका शब्दानं काकांना जे लागलं ते तिसऱ्या श्रेणीनंसुद्धा लागलं नव्हतं. त्यांचा बाप दारूनं गेला होता. त्यांनी स्वतः लग्नातही पाण्याचा पेला उचलला होता, आणि सासऱ्यानं तो अपशकुन धरला होता. अख्ख्या कुनहालोममध्ये ज्यानं आलुबुखाराच्या दारूचा थेंब घेतला नाही असा हा एकच पुरुष, आणि त्यालाच दारुड्यांचा आजार. रस्त्यात लोक समजुतीनं मान हलवू लागले होते. आणि आता सरकारी कागदावर ‘नाकारतो’. छत्तीस वर्षं कागदांत काढलेल्या माणसाला माहीत असतं, ‘नाकारतो’ हे आरोपीबद्दल लिहितात. त्यांनी नर्सकडे दुरुस्ती मागितली, ‘पीत नाही’ असं लिहा म्हणून. नर्स म्हणाली, छापील पर्याय दोनच, ‘कबूल’ आणि ‘नाकारतो’. पीत नाही असा पर्याय या देशात कुणाला सुचलेला नाही.

समितीला पुरावा हवा होता. न पिण्याचा पुरावा कुठून आणायचा? काका गुत्त्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि नेमकं तेव्हाच पाद्रीबाबांनी त्यांना आत शिरताना पाहिलं. गुत्तेवाल्यानं आनंदानं लिहून दिलं की या गृहस्थांनी तीस वर्षांत इथे पाऊल ठेवलेलं नाही. समितीचं उत्तर आलं : घरी पिण्याची शक्यता यातून नाकारली जात नाही. घराची माहिती असणाऱ्या शेजाऱ्याची सही जोडावी.

काकांना शेजारी दोनच. डावीकडचं घर रिकामं होतं. उजवीकडे रोझालियाबाई.

दोन दिवस त्यांनी टाळलं. मग कोट घातला आणि तिच्या दारात उभे राहिले. तिनं चष्मा न लावताच कागदावर सही केली. खाली जागा होती तिथे स्वतःहून एक ओळ लिहिली : ‘या घराच्या स्वयंपाकघरात मी अनेकदा बसले आहे. तिथे दारूची बाटली नाही.’ काकांना ओळ वाचून पुन्हा राग आला. अनेकदा म्हणे! ही त्यांच्या स्वयंपाकघरात कधी बसली होती? पण खोटं असलं तरी उपयोगी होतं, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका कागदातलं असत्य जाणूनबुजून पुढे सरकवलं. ऑगस्टमध्ये मंजुरी आली.

इंजेक्शन पोटावर घ्यायचं. पहिले चार आठवडे काकांना सतत बोटीत बसल्यासारखं वाटायचं. मग एक दिवस सकाळी पाव कापताना त्यांच्या लक्षात आलं की तो कापायचं काही कारण नाही. भूक अशी गेली होती, जसा भाडेकरू सामान घेऊन जातो. ताटात दोन घास पडले की आतून निरोप यायचा, आणि आता तो ऐकू यायचा. ऑक्टोबरात पट्ट्याची भोकं संपली. कापणीच्या मिरवणुकीत, बँड वाजत असताना, काकांची विजार भर चौकात घोट्यापर्यंत उतरली. बँडनं वाजवणं थांबवलं नाही, एवढंच त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. डेझोनं त्यांना बाकावर बसवून पुन्हा बरगडीखाली बोटं घातली. या वेळी त्याला फार शोधावं लागलं.

“वाया गेलास रे,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच भरले होते.

नोव्हेंबरच्या शेवटी मशीन पुन्हा फिरलं. निम्म्याहून जास्त चरबी उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला. ‘दिनांक चार डिसेंबर, एक वेळ, दोन चमचे,’ असं लिहून काकांच्या आग्रहावरून खाली शिक्काही मारला. काकांनी तो कागद घडी न करता घरी नेला.

चार तारखेला त्यांनी टेबलावर पांढरं कापड घातलं. पाव सकाळीच आणला होता. कांदा बोर्का कापायची तसा, पारदर्शक कापला. समोरच्या खुर्चीपाशीही एक ताटली ठेवली आणि मग आपणच लाजून उचलली. बरणीचं झाकण निघताना जो आवाज झाला, तो त्यांनी कित्येक महिने ऐकला नव्हता. वर पिवळी चरबी, खाली गुलाबी कलेजी, वासही तोच. त्यांनी थर लावला, डोळे मिटले आणि पहिला घास घेतला.

दुसरा घेतला.

तिसऱ्याच्या वेळी गळ्यावर कुणी दोन बोटं ठेवल्यासारखं झालं. आतून निरोप आला, मोठ्यानं, अगदी स्पष्ट. नऊ महिने त्यांनी अर्ज केले होते, कोबीचं पाणी प्यायले होते, गुत्त्यात गेले होते, चौकात विजार गमावली होती, ते या घासासाठी. आणि परवानगी हातात असताना खाणाराच जागेवर नव्हता. काकांनी हट्टानं तिसरा घास तोंडात कोंबला, हंसाला कोंबतात तसा. मग त्यांना उठून मोरीपाशी जावं लागलं. परत येऊन ते बसले, बरणीकडे पाहत. ती जवळजवळ भरलेली होती. बोर्का गेली त्या दिवशी ते रडले नव्हते, कारण कागदपत्रं फार होती. आता कागदपत्रं संपली होती.

दार वाजलं. पूर्वी या दिवशी तीस माणसं यायची, न बोलावता, नामदिनाला येतात तशी. या वर्षी एकटी रोझालियाबाई होती. हातात चेरीची एक बोडकी फांदी, बोर्काच्या दिवशी पाण्यात ठेवतात ती, म्हणजे नाताळपर्यंत फुलते. तिनं काकांचे डोळे पाहिले. स्वतःच कपाटातून उंच पेला काढला, पाणी भरलं, फांदी ठेवली. पेले कुठे असतात ते तिला विचारावं लागलं नाही. हे काकांच्या लक्षात आलं, पण उशिरा.

आलेल्या माणसाला विचारायचं म्हणून त्यांनी पावाचा तुकडा पुढे केला. तिनं एक घास खाल्ला, हळू चावला आणि तुकडा ताटलीत ठेवला.

“मीठ जास्त झालंय,” ती म्हणाली. “तेव्हाच मला वाटलं होतं.”

“तेव्हा म्हणजे?” काकांनी विचारलं.

“तिचे हात उठत नव्हते हो, भावजी. सप्टेंबरपासूनच. तुम्ही कचेरीत गेलात की मी मागच्या कुंपणातून यायची. संध्याकाळी तुम्ही रेडिओ लावायचात तेव्हाही शेडात मीच असायची. या बरण्या मी भरल्यात. ती हंसी माझ्याच गुडघ्यातून पळाली, आणि बोलणी तिनं स्वतःवर घेतली. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मेरीमातेसमोर शपथ घातली होती मला.”

काकांना पहिल्यांदा जो राग आला तो अगदी क्षुल्लक होता, आणि त्याची त्यांना पुढे कायम लाज वाटली. त्यांना वाटलं, सोळा बरण्या मी हिच्या हातचं खाल्लं. इतके महिने ज्या बरणीपुढे मान तुकवली ती कुंपणापलीकडची. मग तो राग बसला, आणि त्याच्याखाली जे होतं ते वर आलं. दहा पावलांवर शेड होतं. चार महिने. रेडिओवर हवामान सांगत होते आणि ते लक्ष देऊन ऐकत होते.

“मग तिचं यात काहीच नाही,” ते म्हणाले.

“असं कसं? ती स्टुलावर बसायची ना शेजारी. मी मका सोडायची, आणि ती गळ्यावर बोटं ठेवायची. बोटं तेवढी शेवटपर्यंत चालत होती. ती सांगेपर्यंत मी थांबायची नाही, आणि तिनं सांगितल्यावर एक दाणा पुढे नाही. भरणं माझं होतं, भावजी. थांबवणं तिचं.”

मग काकांनी विचारलं, शेवटी शेवटी ती ते कसं म्हणायची.

रोझालियाबाईनं डाव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली. मान जरा कलती केली, तशी बोर्का करायची, आणि तिच्याच आवाजात, दमलेल्या, अगदी हळू म्हणाली, “पुरे, बाई.”

काकांनी मान हलवली. बरणी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी तिच्यापुढे सरकवली आणि चमचा दिला. शिक्क्याचा कागद टेबलावर तसाच होता, त्यावर दोनच चमचे लिहिले होते, पण त्यात कुणाचे ते नव्हतं. ती नको म्हणाली नाही. ती खाऊ लागली, सावकाश, दफनाच्या दिवशी झाडाखाली उभी होती तशाच चेहऱ्यानं, आणि मीठ जास्त असल्याचं पुन्हा बोलली नाही. काका समोरच्या खुर्चीवर, बोर्काच्या, बसून तिच्याकडे पाहत राहिले.

तळाशी चमचाभर उरलं तेव्हा तिनं हात थांबवून वर पाहिलं. आता पुरे म्हणायची पाळी काकांची होती. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांना ते म्हणता येईना.

“अजून थोडं,” ते म्हणाले.